शिक्षकाच्या नोकरीसाठी रिझ्युमेतलं ऑब्जेक्टिव्ह: नागपुरातल्या नव्या उमेदवारांसाठी

फेब्रुवारी-मार्च उजाडला की नागपुरातल्या खासगी शाळांच्या कार्यालयात रिझ्युमे जमायला लागतात. काही ईमेलवर, बरेचसे व्हॉट्सअॅपवर, आणि काही थेट गेटवर चौकीदाराच्या हातात. ते चाळणारी व्यक्ती बहुतेक वेळा मुख्याध्यापिका किंवा पर्यवेक्षक असते, आणि तेव्हा तिच्या डोक्यात एकच कागद घोळत असतो: पुढच्या वर्षाचं वेळापत्रक. गणिताच्या बाई सोडून चालल्या आहेत, सातवी-आठवीचे तास उघडे पडणार आहेत, विज्ञानाच्या सरांवर आणखी तास टाकता येत नाहीत. रिझ्युमेच्या वरच्या तीन-चार ओळींत या उघड्या तासांचं उत्तर दिसलं तर तो रिझ्युमे बाजूला काढला जातो. नाही दिसलं तर पान उलटतं.

पर्यवेक्षिका म्हणून हे अर्ज चाळण्याचं काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे, आणि मला मनापासून वाईट वाटतं ते चांगल्या मुलामुलींचे अर्ज मागे पडतात तेव्हा. शिकवण्याची आवड आहे, विषय पक्का आहे, बी.एड.ला मन लावून पाठ घेतलेले आहेत, आणि वर मात्र कुठून तरी उतरवलेलं एक वाक्य. ते वाक्य बदललं तर मुलाखतीचा फोन येण्याची शक्यता नक्की वाढते. म्हणून ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे रिझ्युमेच्या अगदी वरच्या या तीन-चार ओळी, लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: मला घेतलं तर या शाळेच्या कोणत्या वर्गाचे कोणते तास मी सांभाळेन, आणि ते मला जमेल असं त्यांनी कशावरून मानावं? पगार, कायम होणं, घरापासूनचं अंतर हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण ते मुलाखतीत बोलायचं.

आधी बघा, ऑब्जेक्टिव्ह लागतं कुठे

जिल्हा परिषद, महानगरपालिका आणि अनुदानित शाळांमधली शिक्षकभरती राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते. तिथे टीएआयटीचे (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे) २०० पैकी गुण, स्वप्रमाणपत्रात भरलेली माहिती आणि तुम्ही दिलेले प्राधान्यक्रम यांवर सगळं चालतं. तुमचं ऑब्जेक्टिव्ह तिथे कुणी वाचत नाही, त्यामुळे त्या वाटेने जाणाऱ्यांनी वेळ अभ्यासात घालवावा. फक्त ‘मुलाखतीसह’ या पर्यायातून एखाद्या संस्थेकडे नाव गेलं, तर मुलाखतीला जाताना एक नेटका रिझ्युमे जवळ ठेवा.

ऑब्जेक्टिव्हचं खरं काम आहे ते स्वयंअर्थसहाय्यित शाळा, सीबीएसईच्या खासगी शाळा, निवासी शाळा, पूर्वप्राथमिक वर्ग, कनिष्ठ महाविद्यालयांतल्या तासिका तत्त्वावरच्या जागा आणि रजेच्या काळापुरत्या जागा यांच्यासाठी. नागपुरात नव्या शिक्षकाची पहिली नोकरी बहुधा यांपैकीच एखादी असते. वर्धा रोड, बेसा, मनीषनगर, हिंगणा रोड, कोराडी रोड अशा वाढत्या भागांत अशा शाळा भरपूर आहेत, आणि शहरातल्या जुन्या वस्त्यांतल्या संस्थाही विनाअनुदानित तुकड्यांसाठी स्वतः माणसं घेतात.

पात्रता आणि वर्ग यांचा मेळ

लिहायला बसण्याआधी हा मेळ घालून घ्या, कारण इथे चुकलं तर पुढचं कितीही छान लिहिलं तरी उपयोग नाही.

पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) लागतं आणि टीईटी (राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा) किंवा सीटेट (तशीच केंद्राची परीक्षा) यांचा पेपर एक. बी.एड. केलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला आहे. तरीही ‘प्राथमिक किंवा माध्यमिक, कोणताही वर्ग चालेल’ असं लिहिलेले बी.एड.वाल्यांचे अर्ज अजून येतात. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की उमेदवाराला स्वतःची पात्रता नीट माहीत नाही. सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. किंवा डी.एल.एड. आणि पेपर दोन. नववी-दहावीला त्या विषयाची पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

सीबीएसईच्या शाळांमध्ये याच गोष्टी वेगळ्या नावांनी चालतात: पहिली ते पाचवीला पीआरटी, सहावी ते दहावीला टीजीटी, अकरावी-बारावीला पीजीटी. अशा शाळेला लिहिताना त्यांचेच शब्द वापरा. ‘टीजीटी गणित’ एवढे दोन शब्द पहिल्या ओळीत दिसले की अर्ज कोणत्या फाइलीत जायचा ते लगेच ठरतं.

टीईटी किंवा सीटेट उत्तीर्ण असाल तर ते ऑब्जेक्टिव्हमध्येच येऊ द्या, खाली कुठे तरी तक्त्यात दडवू नका. उत्तीर्ण नसाल तर ‘तयारी सुरू आहे’ हे वर नको. शिक्षणाच्या भागात परीक्षेची तारीख लिहिली की पुरे. जे नाही ते आहे असं तर कधीच लिहू नका. शालार्थ आयडी (शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीतला क्रमांक) घोटाळ्याच्या बातम्या २०२५ मध्ये नागपुरातूनच आल्या, आणि कागदपत्रांबद्दल शंका येईल असा एकही शब्द आपल्या अर्जात असू नये.

कच्चा माल जमवा

‘माझ्याकडे अनुभवच नाही, काय लिहू?’ हा प्रश्न दरवर्षी कानावर येतो. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये एकूण २० आठवडे शाळेत काढावे लागतात. तेवढ्या दिवसांत तुम्ही पाठ घेतले, टाचणं काढली, पेपर तपासले, परिपाठ घेतला, कुणाची तरी रजा पडली म्हणून बदली तासही घेतले. हा सगळा अनुभवच आहे. तो नेमक्या शब्दांत मांडायची सवय आपल्याला नसते, इतकंच.

पाठांच्या वह्या काढा आणि एका कोऱ्या कागदावर लिहीत जा. कोणत्या इयत्तेला शिकवलं? कोणता घटक? तुकडीत मुलं किती होती? माध्यम कोणतं? कोणत्या घटकाला मुलं अडली आणि तुम्ही काय केलं? शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण त्याचं उत्तर दोन उमेदवारांचं सारखं येत नाही. एखाद्याने आठवीला घनफळ शिकवताना मुलांना घरून रिकामी खोकी आणायला सांगितली असतील. एखादीने पाचवीतल्या वाचनात मागे असलेल्या चार मुलांना रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं बसवलं असेल. पाठ पाहणाऱ्या मार्गदर्शकांच्या शेऱ्यांची पानंही उलटा. ‘फलकलेखन उत्तम’, ‘प्रश्न छान विचारले’ असे शेरे तुमच्याबद्दल दुसऱ्याने दिलेली साक्ष आहेत.

खासगी क्लासमध्ये शिकवलं असेल तर तेही लिहा, लाजू नका. फक्त क्लास आणि शाळा यांत शाळावाल्यांना दिसणारा फरक लक्षात ठेवा. क्लासला आलेलं मूल बहुतेक शिकायला आलेलं असतं. शाळेच्या वर्गात मागच्या बाकावर न शिकण्याचा निश्चय करून बसलेलीही दोन-तीन असतात, आणि त्यांच्यासकट चाळीस-पन्नास वह्या तपासायच्या असतात. म्हणून क्लासचा अनुभव सांगताना वर्ग सांभाळल्याचं, वह्या पाहिल्याचं, पालकांशी बोलल्याचं काही असेल तर ते आधी घ्या.

एक ऑब्जेक्टिव्ह घडताना

नमुन्यादाखल एक उमेदवार घेऊ. मुलगी काटोलची, गणितात बी.एस्सी., नंतर बी.एड., सीटेटचा पेपर दोन उत्तीर्ण. नागपुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला गणिताची जागा आहे, तिथे अर्ज करायचा आहे. तिचा पहिला मसुदा असा:

‘एका नामांकित शैक्षणिक संस्थेत कार्य करून माझ्या ज्ञानाचा व कौशल्यांचा पुरेपूर वापर करणे, तसेच विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधत संस्थेच्या प्रगतीत मोलाचे योगदान देणे.’

व्याकरण ठीक आहे, शुद्धलेखन ठीक आहे. पण यातला ‘विद्यार्थ्यांचा’ शब्द काढून ‘ग्राहकांचा’ घातला आणि ‘शैक्षणिक’ गाळला, तर हेच वाक्य सीताबर्डीतल्या साड्यांच्या दुकानातही चालेल. कोणता विषय, कोणती इयत्ता, काय येतं, काहीच कळत नाही. शिवाय ‘करणे, देणे’ अशा क्रियापदांमुळे वाक्यात माणूसच उरत नाही. मराठीत लिहिताना सरळ ‘शिकवले’, ‘घेतले’, ‘शिकवू शकते’ असं लिहा.

दुसऱ्या मसुद्यात तिने सगळं झाडून टाकलं:

‘गणितात बी.एस्सी., बी.एड., सीटेट पेपर दोन उत्तीर्ण. सहावी ते आठवीला गणित शिकवण्यासाठी अर्ज.’

हा पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला. वेळापत्रकातले तास आणि पात्रता दोन ओळींत जुळली. पण असेच आणखी पाच अर्ज समोर असतील तर तिलाच का बोलवावं, याचं उत्तर अजून यात नाही.

मग आपण तिच्या पाठांच्या वहीकडे जाऊ. आंतरवासितेत, म्हणजे बी.एड.मधल्या शाळेतल्या सरावाच्या काळात, तिला सातवी मिळाली होती, काटोल तालुक्यातली शाळा. शेकडेवारी शिकवताना मुलं पुस्तकातली उदाहरणं यंत्रासारखी सोडवत होती, आणि शब्द जरा बदलले की अडत होती. बरीच मुलं संत्र्याच्या बागा असलेल्या घरांतली. तिने त्यांना घरून मालविक्रीच्या जुन्या पट्ट्या आणायला सांगितल्या. कळमन्याच्या बाजारात माल गेला की शेतकऱ्याच्या हातात जी पट्टी येते, तिच्यावर वजन, भाव, वजा झालेला खर्च आणि शेवटी हाती आलेली रक्कम असं सगळं असतं. एकूण रकमेतला शेकडा किती भाग खर्चात गेला, हे प्रत्येकाने आपापल्या घरच्या पट्टीवर काढलं. नफा-तोट्याचे दोन तासही त्यावरच झाले.

हे सगळं ऑब्जेक्टिव्हमध्ये मावणार नाही आणि मावायची गरजही नाही. त्यातली एक ओळ पुरते. तिसरा मसुदा:

‘सहावी ते आठवीला गणित शिकवण्यासाठी अर्ज करत आहे. गणितात बी.एस्सी., बी.एड. आणि सीटेट पेपर दोन उत्तीर्ण. आंतरवासितेत सातवीला शेकडेवारी आणि नफा-तोटा हे घटक संत्राबाजाराच्या खऱ्या पट्ट्यांवरून शिकवले. सेमी इंग्रजीच्या तुकडीला इंग्रजी संज्ञा आणि मराठी समजावणी यांची सांगड घालून शिकवू शकते.’

चाळीसेक शब्द. मोबाइलवर उघडलं तरी बोट न सरकवता वाचून होतं. पहिल्या वाक्यात तास, दुसऱ्यात पात्रता, तिसऱ्यात पुरावा, चौथ्यात या शाळेची गरज. पट्ट्यांची ओळ वाचून मुख्याध्यापिका नक्की थांबेल, आणि मुलाखतीतला पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येईल. त्या प्रश्नाचं उत्तर या मुलीला पाठ करावं लागणार नाही, कारण ते तिने केलेलं आहे.

शेवटचं वाक्य शोधायला मात्र थोडी पायपीट लागते. त्या शाळेत सेमी आहे का, कोणत्या इयत्तेपासून आहे, हे आधी माहीत हवं. शाळेचं संकेतस्थळ असेल तर बघा. नसेल तर सरळ कार्यालयात फोन करून लिपिकाला नम्रपणे विचारा. बहुतेक जण सांगतात. त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक ओळखीचे असतील तर आणखी चांगलं. विदर्भातल्या मराठी शाळांमध्ये सेमीच्या तुकड्यांना गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा पण मुलांशी मराठीत बोलणारा शिक्षक मिळणं हा कायमचा प्रश्न आहे. तुम्हाला हे जमत असेल तर ते वर लिहायलाच हवं.

शाळा बदलली की ओळी बदलतात

एकच ऑब्जेक्टिव्ह वीस शाळांना पाठवणं हा वेळ वाचवायचा मार्ग वाटतो, पण त्यात वीस अर्ज वाया जातात. पात्रतेचं वाक्य तेच ठेवा. पहिलं आणि शेवटचं वाक्य दर शाळेला पुन्हा लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

मराठी विषयाच्या उमेदवारांना नागपुरात आज चांगली संधी आहे, आणि ती अनेकांच्या लक्षातच येत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांमध्ये मराठी शिकवणं सक्तीचं झालं. त्यामुळे सीबीएसईच्या शाळांनाही मराठीचे शिक्षक लागतात. पण तिथल्या वर्गातली परिस्थिती वेगळी असते. नागपुरात हिंदी घराघरात चालते. अनेक मुलं घरी हिंदी बोलतात, शाळेत इंग्रजी, आणि मराठी त्यांच्या कानावर फक्त भाजीवाल्याकडे किंवा शेजारी पडते. अशा शाळेला ‘मराठी साहित्यात एम.ए., संतसाहित्याची विशेष आवड’ एवढंच लिहून भागत नाही. आवड असू द्या, ती खूप मोलाची आहे, पण ऑब्जेक्टिव्हमध्ये हे हवं:

‘टीजीटी मराठी या जागेसाठी अर्ज. मराठीत एम.ए., बी.एड. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलांना संवाद, गोष्टी आणि छोटी नाट्यं यांतून मराठी बोलतं करण्याचे पाठ आंतरवासितेत सहावीला घेतले. मराठी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या वर्गांना शिकवू इच्छिते.’

वाचणाऱ्या प्राचार्यांना लगेच कळतं की या बाईंना आपल्या वर्गात कोण बसतं ते माहीत आहे.

प्राथमिकच्या उमेदवारांनी पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान यांवर भर द्यावा. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत, हे शाळांपुढचं ठळक काम आहे. ‘दुसरीतल्या मुलांना अक्षरगटांतून वाचायला शिकवलं’ हे ‘बालकांप्रती अपार प्रेम’ यापेक्षा खूप काही सांगतं. प्रेम असणारच. ते नसतं तर तुम्ही या वाटेला आलाच नसता.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेला ऑब्जेक्टिव्ह इंग्रजीतच लिहा, मात्र स्वतःच्या इंग्रजीत. नेटवरून उचललेली भारदस्त वाक्यं आणि मुलाखतीतलं तुमचं बोलणं यांत फार अंतर पडलं तर ते पहिल्या दोन मिनिटांतच उघडं पडतं. साधी, छोटी, बरोबर वाक्यं चालतात. पण चूक एकही चालत नाही. भाषेच्या शिक्षकाच्या बाबतीत तर मुळीच नाही. एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

लग्न, मुलं, घरातलं आजारपण यामुळे मध्ये काही वर्षं गेली असतील तर ऑब्जेक्टिव्हमध्ये त्याची कैफियत नको. खंड रिझ्युमेच्या तारखांत दिसतोच, आणि मुलाखतीत कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगावं. वर त्याऐवजी अलीकडे काय केलं ते येऊ द्या: शेजारच्या मुलांच्या शिकवण्या, एखादं ऑनलाइन प्रशिक्षण, नव्या पाठ्यपुस्तकांचा केलेला अभ्यास. अशा उमेदवारांबद्दल मला स्वतःला विशेष आस्था आहे. स्वतःचं मूल वाढवलेली बाई वर्गात पुष्कळ गोष्टी कुणी न शिकवता समजून घेते. तेव्हा कमीपणा घेऊन लिहू नका.

इंजिनीअरिंग करून शिकवण्याकडे वळलेली मुलंही नागपुरात बरीच आहेत. त्यांनी ‘आयटीत संधी नाही म्हणून’ असा सूर कुठेही लागू देऊ नये. बी.एड. झालेलं असेल तर ते आधी, इंजिनीअरिंग नंतर.

काय गाळायचं

नामांकित संस्था, सर्वांगीण विकास, मोलाचे योगदान, आव्हानात्मक वातावरण, उज्ज्वल भवितव्य: हे शब्द मसुद्यात दिसले की खोडा आणि त्या जागी काय घडलं ते लिहा. ‘मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर’ हेही खोडा. वक्तशीर माणूस मुलाखतीला वेळेवर पोचतो, तेवढ्याने ते सिद्ध होतं.

नवख्या उमेदवाराने निकालाचे आकडे लिहिताना जपावं. आंतरवासितेतल्या शिक्षकाने ‘वर्गाचा निकाल शंभर टक्के लावला’ असं म्हटलं तर कुणीही विश्वास ठेवणार नाही, कारण तो वर्ग मूळ शिक्षकाचा होता. तुम्ही घेतलेल्या घटकचाचणीचा आकडा असेल आणि त्याची वही जवळ असेल तर जरूर द्या. नसेल तर काम सांगा, आकडा सोडा.

जात, धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, ओळखीच्या पुढाऱ्याचं नाव, यांतलं काहीही ऑब्जेक्टिव्हजवळ फिरकू देऊ नका. ‘कोणतेही काम करण्यास तयार’ हेही नको. गरज सगळ्यांना असते, पण असं लिहिलं की पगार ठरवताना तुमची बाजू आधीच पडते.

फाइल, फाँट आणि पाठवणं

ऑब्जेक्टिव्ह रिझ्युमेत सगळ्यात वर, नाव आणि फोन नंबर यांच्या लगेच खाली. लिहा मात्र सगळ्यात शेवटी, बाकी रिझ्युमे तयार झाल्यावर.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या पद्धतीने, टाइप करा. मोबाइलवरचा मराठी कळफलक युनिकोडच असतो. झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातून टाइप करून घेणार असाल तर तिथे श्रीलिपी किंवा कृतिदेव वापरतात का ते विचारा. त्या फाँटमधली वर्ड फाइल शाळेच्या संगणकावर तो फाँट नसेल तर वाचताच येत नाही, आणि शाळेतून कुणी ‘पुन्हा पाठवा’ म्हणून फोन करत नाही. कोणत्याही परिस्थितीत पीडीएफच पाठवा. फाइलीला नाव, विषय आणि पद अशा क्रमाने नाव द्या. ‘नवीन रिझ्युमे फायनल दोन’ अशा नावाची फाइल कार्यालयातल्या संगणकावर पुन्हा कधी सापडत नाही.

पाठवण्याआधी ती फाइल स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा. मग घरातल्या अशा एखाद्या माणसाला फक्त वरच्या चार ओळी वाचायला द्या ज्याला तुमच्या अभ्यासाचं फारसं माहीत नाही, आणि विचारा: ‘मी कोणत्या वर्गाला काय शिकवणार, सांग बरं?’ उत्तर पटकन आलं तर पाठवा. ‘काही समजून नाही राहिलं’ असं म्हणाला तर पुन्हा बसा.

लिहिलंत ते फळ्यावर दाखवावं लागतं

मुलाखतीनंतर, कधी कधी आधीच, डेमो असतो. खऱ्या वर्गात किंवा तीन-चार शिक्षकांसमोर पंधरा-वीस मिनिटांचा पाठ. पुष्कळ शाळांमध्ये डेमोचा घटक तुमच्याच रिझ्युमेतून काढतात. शेकडेवारी वेगळ्या पद्धतीने शिकवली म्हणता ना, मग घ्या खडू. म्हणून ऑब्जेक्टिव्हमध्ये जो घटक लिहिला त्याचं टाचण, साहित्य आणि मुलांकडून येऊ शकणारे प्रश्न तयार ठेवा. वर सांगितलेल्या मुलीने दोन-तीन खऱ्या पट्ट्या पिशवीत ठेवूनच डेमोला जावं. फळा डावीकडून उजवीकडे कसा भरत जाईल हेही एकदा वहीत आखून बघा.

आणि फळ्यावर तारीख, विषय, घटक आधी लिहा. एवढ्या साध्या गोष्टीवर निरीक्षकांची नजर असते.

कधी पाठवायचं

सीबीएसईच्या शाळांचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे त्यांची निवड जानेवारी ते मार्चमध्ये चालते. राज्य मंडळाच्या शाळा विदर्भात उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्यांच्यासाठी एप्रिल-मेमध्ये अर्ज पोचलेला असावा. मे महिन्यात शाळेत प्रत्यक्ष जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी कार्यालयं बंद झालेली असतात. रविवारच्या मराठी, हिंदी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती या काळात न चुकता बघा. विषयाचं नाव जाहिरातीत जसं छापलं असेल तसंच तुमच्या पहिल्या वाक्यात येऊ द्या.

सत्राच्या मध्येही जागा निघतात: प्रसूती रजा, अचानक दिलेला राजीनामा, दिवाळीनंतर वाढलेले तास. या जागांसाठी अर्ज कमी येतात आणि शाळा घाईत असते. अशा वेळी ऑब्जेक्टिव्हमधलं शेवटचं वाक्य बदलून तिथे तारीख टाका: ‘१ डिसेंबरपासून रुजू होऊ शकते, रजेच्या पूर्ण काळासाठी उपलब्ध.’ परीक्षेच्या तोंडावर शिक्षक मध्येच सोडून गेला तर वर्गाचे हाल होतात, म्हणून शेवटपर्यंत थांबण्याची खात्री देणारं हे वाक्य अशा जागेसाठी पदवीच्या गुणांइतकंच वजनदार ठरतं. सहा महिन्यांची अशी रजेची जागा नीट सांभाळलेल्या शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये त्याच शाळेतून फोन आल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.